प्रकाशातली आत्या

माझ्या चुकीमुळे माझी सख्खी आत्या आठ महिने देवी होती.

हे वाक्य मी सहसा कुणाला सांगत नाही. मुळात मी कुणाला फारसं काही सांगतच नाही. भिवंडीतल्या एका शाळेच्या ऑफिसात मी कारकून आहे आणि "बघतो", "सांगतो" आणि "साहेब आले की करू" एवढ्यावर माझी नोकरी सुखात चालली आहे. घरीही साधारण हेच चालतं. पण जे तोंडातून बाहेर पडत नाही ते माझ्या पायांत उतरतं. मला अपराधी वाटलं की मी चालू लागतो. घरातल्या घरात, गॅलरीत, जिन्यात, कुठेही. गेल्या वर्षी मी इतका चाललो की साखर आटोक्यात आली म्हणून डॉक्टरांनी माझं अभिनंदन केलं आणि आहार काय ठेवला ते विचारलं. आहार कसला! पाप ठेवलं होतं.

तर आत्या. कमलआत्या. माझी आई लवकर गेली आणि आत्या तिच्या लहानग्या मुलीला, ज्योतीला घेऊन आमच्याकडे राहायला आली, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. शिवणकाम शिकवणारी बाई. बोलणं कात्रीसारखं आणि जेवण सुक्या बोंबलांशिवाय अपुरं. गुडघ्यांनी संप पुकारला आणि आमचं दुसऱ्या मजल्यावरचं बिनलिफ्टचं घर तिला डोंगर वाटू लागलं, तेव्हा ठरलं की तिने आता कायमचं नाशिकला, ज्योतीकडे जायचं. तिथे लिफ्ट आहे.

जाण्याआधी तिने एकच गोष्ट मागितली. सगळ्यांचा एक फोटो, भिंतीवर लावण्यासारखा, आणि त्यात ती मधोमध.

मागणी साधी वाटते, पण आमच्या घरातल्या फोटोंत आत्या नाहीच. फोटोच्या वेळी ती नेहमी स्वयंपाकघरात असायची, नाहीतर कुणाचं तरी रडणारं पोर बाहेर घेऊन गेलेली असायची. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तिचं फक्त कोपर आहे. ज्योतीच्या लग्नात पाठ. मी म्हटलं, मोबाईलवर काढतो की लगेच. त्यावर ती म्हणाली, "मोबाईलमध्ये गेलेलं माणूस परत भिंतीवर येत नाही."

म्हणून कॅमेरा घ्यायचं ठरलं.

आता, माणसं दुकानात जातात आणि कॅमेरा घेतात. मी तीन महिने वाचलं. कॅमेऱ्यांच्या बाबतीत इंटरनेटवर जे लिहिलंय ते सगळं वाचायला एक जन्म पुरत नाही, पण मी शाळेच्या वेळात पुष्कळ मजल मारली. आज एक पसंत करायचो, उद्या त्याच्याबद्दल कुणीतरी वाईट लिहिलेलं सापडायचं. जेवताना उठून बघायचो. सुनंदा, माझी बायको, म्हणाली की ज्योतीसाठी स्थळं बघताना एवढं बघितलं असतं तर बरं झालं असतं. (जावई चांगले आहेत. ती असं बोलते.)

शेवटी मी एका छोट्याशा कॅमेऱ्यावर स्थिरावलो. खिशात मावणारा, दिसायला जुन्या काळातल्यासारखा, आणि त्याची लेन्स एकच, पक्की बसवलेली. बदलता येत नाही, पुढे-मागे होत नाही, झूम नाही. यावर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली होती, की अशा लेन्सने माणसाची नजर तयार होते, शिस्त लागते, वगैरे. मला मात्र ती कारकुनी कारणासाठी आवडली. जे हलत नाही ते बिघडणार काय?

सुनंदाने कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, "हे पुढे-मागे कसं करायचं?"

"ते होत नाही. आपण व्हायचं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पिठाची गिरणी आणली असून दळण आपणच दळायचं आहे.

पण खरोखर आपणच व्हायचं असतं. माणूस मोठा हवा तर पुढे चाला, अख्खं कुटुंब हवं तर मागे चाला. तुम्ही म्हणाल, मला तर चालायची सवयच होती. होती, पण सरळ. उलटं चालणं ही वेगळी विद्या आहे. पहिल्या आठवड्यात मी आत्याचे जे फोटो काढले त्यांत एकतर फक्त नाक होतं किंवा अख्खी गॅलरी आणि त्यात कुठेतरी मुगाएवढी आत्या. मग मी खाली गल्लीत सराव सुरू केला. आमची गल्ली अरुंद. आत्याला समोर ओट्यावर बसवून मी मागे मागे जायचो, ते थेट समोरच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये शिरायचो. तिथले कामगार पहिल्या दिवशी घाबरले. दुसऱ्या दिवशी मागून आवाज आला, "बस, मास्टरजी, पीछे मशीन है." तिसऱ्या दिवसापासून ते मला उल्टा मास्टर म्हणू लागले आणि मी पाठमोरा आत आलो की आपणहून वाट करून द्यायचे.

शेडमुळे आणखी एक भानगड. आमच्याकडे हवेत कापसाचे तंतू उडत असतात. ताटात, केसांत, चहात, सगळीकडे. ते लेन्सवरही बसायचे. सुनंदा पदर पुढे करून म्हणायची, "द्या इकडे, पुसून देते." मी अंगावर वीज पडल्यासारखा मागे व्हायचो. लेन्सला खास कापडानेच पुसायचं असतं, असं मी तीन महिने वाचलं होतं. ते खास कापड पहिल्याच आठवड्यात हरवलं. म्हणजे लेन्स पुसायची नाही असाच नियम झाला. तो मी घरात सर्वांना बजावला: लेन्सला हात लावायचा नाही. एवढा स्पष्ट आदेश मी आयुष्यात पहिल्यांदाच दिला होता, म्हणून सगळ्यांनी तो मानला.

नाशिकला जायच्या रविवारी आम्ही आधी वज्रेश्वरीला निघालो. आत्याचा आग्रह होता की घर सोडायचं तर देवीला सांगून सोडायचं, आणि फोटो तिथल्या गरम पाण्याच्या कुंडाशी काढायचा. दरवर्षी ती तिथे पाय बुडवून बसायची, गुडघ्यांसाठी. अंजूरचा नंदू, सुनंदाचा भाऊ, त्याची मोठी गाडी घेऊन आला. आम्ही अकरा माणसं. नंदूने एसी असा लावला की थंडीच्या दिवसांत सगळ्यांनी पदर, टोप्या, मफलर कानांवर ओढले. मी पुढे बसलो होतो. कॅमेरा मांडीवर, एसीच्या झरोक्याच्या बरोबर समोर. त्याला ऊन लागू नये, धूळ लागू नये, थंडावा मिळावा, एवढी मी काळजी घेत होतो. तो बर्फासारखा गार झाला होता. मला वाटलं, छान.

दर्शन झालं. कुंडाच्या कडेला सगळे ओळीने उभे राहिले. मध्ये खुर्चीवर आत्या, पाय पाण्यात, अंगावर ठेवणीतली हिरवी साडी, केसांत अबोली. सकाळची वेळ, पाण्यावरून वाफ उठत होती, मागून कोवळं ऊन. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. अकरातली सात माणसं मावली. (दहातली म्हणा, अकरावा मी.) मागे सरकलो. आठ. आणखी मागे. नऊ. कडेचा भाचा राहात होता. गल्लीत मागून कुणीतरी आवाज द्यायचं, इथे कुणी दिला नाही. मी आणखी एक पाऊल मागे टाकलं आणि तो पाय मागच्या दुसऱ्या कुंडात गेला.

त्या कुंडाचं पाणी जरा जास्तच गरम असतं.

मी जो ओरडलो त्यात माझं बोट दाबलं गेलं आणि फोटो निघाला. सुनंदा किंचाळली, "कॅमेरा वर धरा!" (माझ्याबद्दल काही सूचना नव्हती.) मी कॅमेरा वर धरला आणि स्वतः गुडघ्यापर्यंत खाली गेलो. नंदूने मला बाहेर ओढलं. पोरांना हसू आवरेना, भाच्याला भूक लागली, ओळ मोडली. माझी पँट निथळत होती आणि पायाची भाजी झाली होती.

आणि मग आत्याने मला जवळ बोलावलं. सगळ्या गोंधळात ती तशीच खुर्चीत बसून होती, पदर नीट करून, तिच्या जागी, मधोमध.

"आला का रे?"

"आला."

"बघितलंस का नीट?"

मी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघितलं. पडदा वाफेने पांढरा झाला होता, काहीही दिसत नव्हतं. पुसून बघायला हवं होतं, परत सगळ्यांना उभं करायला हवं होतं. पण तसं केलं असतं तर, झूम नसलेला कॅमेरा तीन महिने शोधून आणलेला हा माणूस एक फोटो धड काढू शकत नाही, हे दहा जणांना कळलं असतं.

"बघितलं," मी म्हणालो. "उत्तम आलाय."

हे माझं पाप. बाकीचं सगळं त्याला फुटलेलं आहे.

ज्योती तिथूनच आत्याला नाशिकला घेऊन गेली. घरी येऊन मी फोटो कॉम्प्युटरवर लावला. कडेची सगळी माणसं ठीक होती. भाचाही आला होता. मधोमध हिरवी साडी होती, मांडीवर ठेवलेले हात होते, आणि मानेच्या वर आत्याच्या जागी एक मोठा, मऊ, पांढराशुभ्र गोळा होता. गार लेन्सवर कुंडाची वाफ बसली होती आणि मागचं ऊन नेमकं तिथे पसरलं होतं. मी खुर्चीतून उठलो आणि चालू लागलो.

तिसऱ्या फेरीला मागून नंदूचा आवाज आला. गाडीत राहिलेला डबा द्यायला तो आला होता आणि पडद्यासमोर हात जोडून उभा होता.

"भावजी, यो परकाश साधा न्हाय. देवी हाय ती."

सुनंदा बाहेर आली. तिने बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारचे आले. मला बोलायला पुरेपूर दहा मिनिटं मिळाली होती. लेन्स, वाफ, एसी, सगळं ओठांवर होतं. मी म्हणालो, "बघतो."

फोटो मोठा करून, फ्रेम करून नाशिकला गेला. दोन दिवसांनी आत्याचा फोन आला. तिने आधी सगळ्यांची नावं घेतली, हा छान आलाय, ती छान आली आहे. मग म्हणाली, "मी कुठाय?"

"आत्या," मी म्हणालो, "तू प्रकाशात आहेस."

 मग तिने फोन ठेवला. त्या दिवशी मी जिन्यात चाललो.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. ज्योतीच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी ती फ्रेम बघितली आणि त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांच्या जावेने नमस्कार केला, तिच्या नवऱ्याची बदली रद्द झाली. मंगळवारी पाच बायका आल्या, शुक्रवारी पंधरा. ओटी, नारळ, पेढे. ज्योती फोनवर सांगायची की लिफ्टपाशी चपलांचा ढीग लागतो आणि सोसायटीचे सेक्रेटरी, जे आधी चिडायचे, आता स्वतः रांग लावतात. आत्या खुर्चीत बसायची आणि बायका तिच्या पाया पडायच्या. त्याच गुडघ्यांना हात लावायच्या, बिचारी कळवळायची, आणि लोक म्हणायचे, अंगात येतंय.

एका दुपारी आत्याचा फोन आला. आवाज इतका दबका की मला वाटलं चोर शिरलेत. ती न्हाणीघरातून बोलत होती.

"आठ महिने झाले मला बोंबील खाऊन. कोण कधी हळदीकुंकू घेऊन दारात उभं राहील सांगता येत नाही. तू पाठवलेला डबा मी नुसता उघडते, हुंगते आणि बंद करते. आणि तुला सांगू? रोज त्या फोटोसमोर दिवा लावतात आणि त्यात मी नाहीये रे. परत एकदा नाहीये."

लग्नाच्या अल्बममधलं ते कोपर माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, "येतो." सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली. मी "बघतो" म्हटलं नव्हतं.

बेत मी नीट आखला. नुसतं सांगून कुणाला पटणार नाही, करून दाखवायला हवं. शुक्रवार निवडला. सकाळी सुनंदाला घेऊन नाशिकला पोचल्या पोचल्या कॅमेरा एका डब्यात घालून ज्योतीच्या फ्रिजमध्ये ठेवला, कोथिंबिरीशेजारी. बायका जमल्या की गार कॅमेरा बाहेर काढायचा, इडलीच्या कुकरच्या वाफेवर धरायचा, आत्याचा फोटो काढायचा, त्यात पांढरा गोळा येणार, आणि तो गोळा दाखवून सगळं कबूल करायचं. दुपारभर मी ज्योतीच्या घरात येरझाऱ्या घातल्या. ज्योती म्हणाली, दादा, बस ना जरा. मला बसता येईना.

पाच वाजता खोली भरली. मी बोलायला उभा राहिलो. समोर वीस बायका, मागे सेक्रेटरी. या वेळी शब्द पायांकडे न जाता वर आले.

"तो प्रकाश देवीचा नाही. कॅमेरा गार होता, काचेवर वाफ बसली. आणि मी फोटो न बघताच आत्याला सांगितलं की उत्तम आलाय. मी खोटं बोललो. एवढंच झालंय."

 मग खालच्या मजल्यावरच्या वहिनी फार मायेने म्हणाल्या, "असं होतं हो. देवी येते तेव्हा माणसाला कळत नाही."

"दाखवतो," मी म्हणालो. सुनंदाने कॅमेरा माझ्या हातात दिला. कुकर आधीच फुसफुसत होता. मी लेन्स वाफेत धरली, बोटं भाजेपर्यंत धरली. मग आत्यासमोर आलो. डोळा लावला. ती खिडकीच्या उजेडात बसली होती, तीच हिरवी साडी. मी एक पाऊल मागे घेतलं, पण आधी वळून बघितलं. मागे भिंत होती. बटण दाबलं आणि विजयाने कॅमेरा सगळ्यांसमोर धरला.

फोटो आरशासारखा स्वच्छ होता!

आत्याची एकेक सुरकुती, कपाळावरचं जुनं गोंदण, डोळ्यांतला तो कात्रीसारखा भाव, सगळं. मी काढलेला माझ्या आयुष्यातला पहिला चांगला फोटो. मी सुनंदाकडे बघितलं.

"फ्रिजमध्ये काय ठेवता कॅमेरा?" ती हळूच म्हणाली. "मी दुपारीच काढला. चांगला दोन तास उन्हात ठेवला, पापडांशेजारी. आणि किती दिवसांचा तो कापूस बसला होता, पदराने पुसून टाकला."

बायकांत कुजबुज सुरू झाली. बघा, मुद्दाम वाफेत धरला तरी प्रकाश आला नाही. म्हणजे तेव्हाचा खराच होता. सेक्रेटरींनी मान हलवली. मी वाफेबद्दल पुन्हा सांगू लागलो, पण आत्याने हात वर केला. कॅमेरा मागून घेतला, चष्मा लावला आणि त्या छोट्या पडद्याकडे खूप वेळ बघत राहिली. इतका वेळ की कुजबुज आपोआप थांबली.

"ही मी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बघितलंस का नीट?"

"बघितलं आत्या. या वेळी खरंच."

तिने पडदा बायकांकडे फिरवला आणि शिवणाच्या वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "तर आता सगळ्यांनी बघून घ्या. देवी आली होती, आठ महिने राहिली, आता गेली. इथे नुसती म्हातारी उरली आहे. म्हातारीला भूक लागली आहे. ज्योती, तवा ठेव."

बोंबलांचा वास जिन्यात उतरायच्या आधी बायका उतरल्या. नवी फ्रेम आता जुनीच्या शेजारी आहे, आणि तिच्यात आत्या मधोमध आहे, कारण दुसरं कुणी नाहीच.

मी त्या दिवशी नऊ बोंबील खाल्ले आणि प्रथमच शांत बसलो. मग आठवलं की खाली गाडीत पिशवी राहिली आहे. ती आणायला जिन्याने उतरत होतो तर खालच्या मजल्यावर दार उघडं होतं आणि वहिनी जावेला सांगत होत्या. त्यांचा आवाज दुःखी होता, राग त्यात नव्हता.

"एवढी जागृत देवी, आठ महिने गुण दिला. पण तो भिवंडीचा माणूस आला, खोटं बोललो म्हणून स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, आणि त्याने कॅमेरा धरल्याबरोबर निघून गेली. कशी थांबेल?"

मी पिशवी आणली. लिफ्ट होती, तरी जिन्यानेच वर गेलो. आणि वर पोचल्यावर, का कोण जाणे, पुन्हा एकदा खाली.